पायाळू माणसाचा मुलगा

माझ्या मुलाची पाठ दुखत होती आणि मी त्याला चारचौघांत खोटं ठरवलं. एकदा नव्हे, जवळजवळ दीड वर्ष. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला स्वतःला सांभाळून घेता येणार नाही.

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. पार हट्टा गावापलीकडची माणसं येऊन माझ्या ओट्यावर पालथी पडायची. मी डाव्या पायानं तीनदा पाठ दाबायचो. बहुतेकांची उसण दोन-चार दिवसांत जायची. ती तशीही गेली असती, हे आज कळतं. तेव्हा वाटे, माझा पायच गुणाचा.

मुलाला सोळावं लागलं होतं. सकाळी त्याला अंथरुणातून उठता येईना. कुशीवर वळायचा, हातांवर जोर द्यायचा, भिंत धरून उभा राहायचा. मी पाय दिला, पुन्हा पुन्हा दिला. गुण येईना. आणि दुपारी बघावं तर हाच मुलगा विहिरीवर मोट हाकतोय, बैलांबरोबर खालीवर चालतोय, वर गाणं म्हणतोय. मी मनाशी पक्कं केलं की खरं दुखणं असतं तर कामानं वाढलं असतं आणि निजून कमी झालं असतं. शिवाय माझा पाय कुणावर फसला नव्हता.

ओट्यावर माणसं असताना मी म्हणालो, "सकाळी मरून राहिलंय आन् दुपारी मोट हाकून राहिलंय. ह्याच्या दुखण्याला घड्याळ कळतंय."

माणसं हसली. तोही हसला.

त्याची आई दारातून म्हणाली, "तुमच्या पायाला गुण न्हाई म्हणून लेकरू खोटं व्हय?"

मी तिला गप्प केलं.

त्यानंतर त्यानं पाठीचं नाव काढणं सोडलं. माझ्याआधी उठून अंगणात फेऱ्या मारायचा, आणि मी बाहेर येईपर्यंत त्याला नीट चालता येऊ लागलेलं असायचं. मला वाटलं, खोड मोडली.

दवाखान्यात नेलं ते पाठीसाठी नव्हेच. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, म्हणून वसमतहून रेल्वेनं हिंगोलीला गेलो. डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्कर होते. त्यांनी डोळ्यात औषध घातलं. बाकावरून उठताना मुलानं गुडघ्यांवर हात टेकले, तेवढ्यावरून त्यांनी विचारलं, "कमर दुखती क्या?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. "न्हाई."

"बाप को मत देखो. मैं तुमकू पूछ रहा. सुबू जास्ती की शाम कू?"

"सकाळी," तो हळूच म्हणाला.

"काम करे तो?"

"हलकं वाटतं. निजलं की पुन्ना धरते."

त्यांनी त्याला वाकायला सांगितलं. तो वाकला, पण पाठीला बाक आला नाही. ती फळीसारखी राहिली. छातीला दोरी गुंडाळून खोल श्वास घ्यायला लावला. दोरी जेमतेम बोटभर सरकली, छाती फुगेना. मग ते मला समजावत बसले. मणक्यांच्या सांध्यांना आतून सूज येते, हाडं हळूहळू एकमेकांना चिकटत जातात. वाकून चिकटली तर माणूस जन्मभर जमिनीकडे बघत चालतो. हे कोवळ्या वयातच सुरू होतं. सकाळी धरतं आणि हालचालीनं सुटतं, हीच त्याची खूण. डोळाही त्याच रोगानं आलेला.

मी ज्यावरून त्याला खोटं ठरवलं होतं, तीच खूण.

"जाता नहीं ये," डॉक्टर म्हणाले, "मगर पीठ सीधी रख सकते. लडका अच्छा करा, पडा नहीं रहा."

त्यांनी दुखण्यावर पुड्या दिल्या. सपाट जमिनीवर बिनउशीचं निजायचं, रोज थोडा वेळ पालथं पडायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, पूर्णा नदीत पोहायचं. पोहायला मी त्याच्याबरोबर जाऊ लागलो. काठावर बसायचो, कारण मला पोहता येत नाही. "बाबा, धोतर भिजंल, मागं सरका," एवढंच आमचं बोलणं.

याला चार वर्षं झाली. मागे बघायचं तर तो खांद्यांसकट वळतो, पण ताठ चालतो. काही सकाळी वाईट जातात. त्या आता तो मोठ्यानं सांगतो.

माफी मात्र राहिली होती. बापानं लेकाची माफी मागायची आमच्यात रीत नाही, या आडोशाला मी लपलो होतो. मागच्या उन्हाळ्यात शिरड शहापूरकडचा एक मेंढपाळ पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. पाठ धरलीय, पाय लावा, म्हणाला. मी आधी तिला विचारलं, "बाई, सकाळी जास्त दुखतं का? मेंढरांमागं चाललं की हलकं होतं?"

"व्हय," ती म्हणाली. "लई महिने झाले."

मी मेंढपाळाला तिला हिंगोलीच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं.

"काहून?" तो खट्टू झाला. "तुमचा पाय कधी फसत न्हाई म्हणतेत."

ओट्यावर चार-पाच माणसं होती. मुलगा बैलांना पाणी पाजून नुकताच आत येत होता. मी त्याला थांबवलं.

"फसला," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ह्या माझ्या लेकरावर फसला. त्याचं दुखणं खरं व्हतं, आन् मी त्याला तुमच्यापुढं ढोंगी म्हणलो." मग त्याच्याकडे वळलो. "बाळा, माझं चुकलं. मला माफ कर."