मुरमावरची खूण

“…आन् तोंड तरी केवढं छापलंय, आये! ट्रॅक्टरच्या मागल्या चाकावढं. येष्टीतून उतरलं का पयले त्याचे दातच दिसत्यात.”

“मंग डोळे मिटून उतर,” मालनबाई म्हणाली. भाकर थापणारा हात काही थांबला नाही. “त्यानं मिळवलं, लोकांनी लावलं. तुला कुढं खुपतंय?”

“खुपत नाय. वाऱ्यानं लय फडफडतंय.”

“फलक फाट्यावर, आन् तू निजतो घरात. एवढ्या लांबून ऐकू येतं व्हय रे तुला?”

सोमनाथने भाकर मोडली आणि जेवायला लागला.

नाशकाजवळ गिरणाऱ्याकडच्या त्या फाट्यावर जो दात दाखवत उभा होता तो रविराज, सोमनाथचा सख्खा चुलतभाऊ. दोघं एकाच वर्षाचे, दोघंही टेनिसवर पोट भरायला निघालेले. ट्युनिशियातल्या एका लहानशा स्पर्धेत रविराजने मुख्य फेरीतला एक सामना काढला आणि जागतिक क्रमवारीतला पहिला गुण मिळवला. एकच गुण. एवढ्यावर माणूस यादीच्या पार बुडाशी जाऊन बसतो, तिथं टपावरसुद्धा धड जागा नसते. पण यादीत तर बसतो! सोमनाथ यादीत नव्हता. दुखणं एवढंच. बाकी सगळ्या त्याला फुटलेल्या फांद्या.

खरं तर खेळ सोमनाथच्या घरातला. त्याचा बाप गोरक्ष गंगापूर रोडवरच्या एका क्लबात कोर्टांचा माळी. मुरूम चाळायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, गोणपाट ओढून सगळं सारखं करायचं. ही दोन पोरं लहानपणी पाण्याची नळी धरायला जायची आणि त्या बदल्यात कुणाच्या तरी जुन्या रॅकेटनं खेळायची. गोरक्षचा दंडक एकच होता. कोर्टावर चालताना चेंडूची खूण दिसली, टाचेचा खड्डा दिसला, की पायानं बुजवत पुढं जायचं. रविराज ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. सोमनाथच्या मात्र ते हाडात गेलं. लग्नाच्या मांडवातसुद्धा माती उखडलेली दिसली की ह्याचा पाय तिथं फिरायचा.

आणि तेव्हा सोमनाथच जिंकायचा बरं का. डावखुरा, चेंडू असा वळवायचा की रविराज कुंपणाला टेकायचा. मग एका साली चुलत्याची द्राक्षं चांगली गेली आणि पोरगं विमानात बसलं. सोमनाथ राहिला खाली. सकाळी बागायतदारांच्या पोरांना रॅकेट धरायला शिकवायचं, दुपारी स्वतःचा घाम गाळायचा, आणि येष्टी किंवा रेल्वे नेईल तिथं स्पर्धा खेळायची. रविराजचे निकाल तो मोबाइलवर बघायचा. रविराज हरला की त्या दिवशी याला भाकर गोड लागायची. आणि ‘वाईट झालं रे भावा’ हा पहिला मेसेजही याचाच जायचा.

माघ सरता सरता त्याच क्लबात स्पर्धा लागली. रविराजचा एक गुण काही त्याला थेट आत घेऊन जाईना, म्हणून दोघंही पात्रता फेरीत. आणि पात्रतेच्या शेवटच्या सामन्यात समोरासमोर हेच दोघे आले. जिंकेल तो मुख्य फेरीत. तिथं एक सामना मारला की गुण. सोमनाथला एवढं जवळ दिसलेलं हे पहिलंच दार, आणि दारात उभा कोण, तर रव्या.

द्राक्षाची तोडणी टाकून गाव आलं होतं. या दोन घरांच्या वावरात एकच बांध. दरसाल नांगरट झाली की हे म्हणायचे त्यांनी बांध कोरून नांगराचं एक तास खाल्लं, ते म्हणायचे यांनी खाल्लं. त्यामुळं टेनिस कळो न कळो, कुणाचं कोण काय खातंय हे गावाला चांगलं कळत होतं.

असल्या फेरीत प्रत्येक कोर्टाला पंच नसतो. ज्याच्या बाजूला चेंडू पडला त्यानंच आत का बाहेर ते बोलायचं. वाद झाला तर मुरमावरची खूण दाखवायची, आणि त्यानंही भागलं नाही तर चारपाच कोर्टांवर फिरणाऱ्या पंचाला हाक मारायची.

दोघांचा एकेक सेट झाला. तिसऱ्यात सोमनाथ पुढं गेला, अन् शेवटी असं आलं की एक पॉइंट मारला की सामना त्याचा. लांबलचक रॅली झाली. रविराजने कडेच्या पट्टीवर जोरकस फटका मारला. सोमनाथ धावला, थांबला. चेंडू पट्टीच्या दोन बोटं बाहेर पडला होता.

“आउट!”

बोट वर करून तो जाळीकडं निघाला. दुसरा कुणी समोर असता तर आधी खूण दाखवली असती, मग हात मिळवला असता. पण समोर रव्या होता, आणि हरलेल्या रव्याचं तोंड बघायची याला घाई. खाली बघितलंच नाही. खाली पाय होता आणि पायाला बापाची शिकवण होती. चालता चालता त्यानं ती खूण बुजवून टाकली.

“खूण दाखव,” रविराज जाळीपाशी येऊन म्हणाला.

सोमनाथनं मागं पाहिलं. मुरूम सारवलेल्या अंगणासारखा साफ.

फिरता पंच आला. त्यानं दोघांचं ऐकलं आणि नियम सांगितला. आपल्या हातानं खूण पुसली म्हणजे चेंडू आत होता असं आपणच कबूल केलं. पॉइंट रविराजचा.

“घ्या!” रविराज खुर्च्यांकडं वळून म्हणाला. “बांध कोरायची सवय यांच्या घरातलीच.”

गाव हसलं. पलीकडच्या कोर्टाजवळ गोरक्ष नळी धरून उभा होता. एकाच जागी इतका वेळ पाणी पडलं की तिथं डबकं झालं. त्यापुढं सोमनाथचा चेंडू एकदा जाळीत, एकदा कुंपणात. सामना रविराजचा.

घरी मालनबाईने ताट वाढलं आणि विचारलं, “आत का भाईर?”

“भाईर. दोन बोटं.”

“मंग पुसली कशाला?”

“पाय गेला.”

“पाय गेला! आरं, म्हैनाभर तुझ्या तोंडावर जे लिवलंय ते लोकांनी वाचलं. आता खूण कोन बघतंय? तू खरं बोलला तरी जळका बोलला असंच व्हनार.”

“आबा, तुमी तरी बघितलं का?”

“नाय,” गोरक्ष म्हणाला. “आन् बघितलं असतं तरी बापाचं कोन ऐकतंय? जेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथ बापाबरोबर कोर्टावर गोणपाट ओढत होता. रविराज पिशवी खांद्यावर टाकून आला. कुंपणाबाहेरच थोडा रेंगाळला.

“सोम्या, माझ्यापुढं डावखुरा आलाय. जरा मारतो का माझ्यासंगं?”

“चोरासंगं खेळनार व्हय?”

“आता सोड ना. बोलताना गेलं बोलून.”

“तुझं बोलताना जातं. माझा पाय गेला तर चोरी.”

रविराज फाटक ढकलून आत आला. मग म्हणाला, “जिंकलो तर फ्लेक्सवर कोपऱ्यात तुझाबी फोटो टाकू.”

“कोपऱ्यात नको. आन् दात झाकून फोटो काढ जरा. येष्टीतली लेकरं भेत्यात.”

रविराज हसला. सोमनाथ हसला नाही. हा जिंकला तर दोन गुण, फ्लेक्स दुप्पट, हे त्याला दिसत होतं. पण पुढल्या आठवड्यात त्याचीही दुसरीकडं पात्रता फेरी होती, आणि रव्याइतकं जोरात मारणारा दुसरा कुणी नाशकात नव्हता.

त्यानं राहिलेला पट्टा ओढून पुरा केला. गोणपाट गुंडाळून बापाच्या हवाली केलं. रॅकेट घेतली.

“लाईन कोन बोलनार?” रविराजने पलीकडून विचारलं.

“तूच बोल. दोन्हीकडची.”

पहिली सर्व्हिस सोमनाथनं सरळ त्याच्या बरगडीवर मारली. रविराज वाकडा होऊन कसाबसा वाचला आणि काहीतरी शिवी हासडली.

“आत व्हती,” सोमनाथ म्हणाला, आणि खिशातून दुसरा चेंडू काढला.