सायलसकाकांच्या आईची ओवी

सोलापुरातल्या लॉजवर मी दुपारची जरा आडवी होते. संध्याकाळी कार्यक्रम आहे. पंखा कुरकुरतोय, डोळ्यांवर हात ठेवलाय. झोप लागली असं वाटत नाही, पण कॉटच्या कडेला कुणीतरी बसतं आणि गादी त्या बाजूला दबते.

"उठू नकोस, पोरी."

सायलस उजागरे. दौंडला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. त्यांना जाऊन चौदा महिने झाले.

मी उठते, तर आम्ही त्यांच्या रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यात बसलोय. मी पुन्हा सव्वीस वर्षांची, लॅबमध्ये रक्त तपासणारी, हौस म्हणून दर रविवारी गिटार शिकायला येणारी. ब्लूज, काळ्या अमेरिकनांचं ते दुःखाचं गाणं, मला त्यांनीच शिकवलं.

"ओळ दोनदा म्हणायची," ते आत्ताही म्हणतात. "आई जात्यावर तसंच म्हणायची. पहिल्यांदा रडू यायचं तिला. दुसऱ्यांदा चाल सापडायची."

आणि ते वाजवायला लागतात. *गाडी गेली गं लांब, धूर राहिला डोळ्यांत.*

याच ओवीनं मला स्टेजवर नेलं. आधी पुण्यात एका कॉलेजच्या गॅदरिंगला, मग क्लबांमध्ये, मग थेट बंगलोरला. मी लॅबची नोकरी सोडली. गाण्याआधी माइकवर सांगायचे, पारंपरिक आहे.

काका वाजवायचे थांबतात. "तुझी मुलाखत वाचली पेपरात. कुणाकडे शिकलीस म्हणून विचारलं, तर म्हणालीस, माझी मीच शिकले."

"काका, ते छापणाऱ्यानं..."

"छापणाऱ्यानं?"

"नाही. मीच म्हणाले."

त्यांच्या आवाजात राग नाही. असता तर बरं झालं असतं.

मी मान वर करते, तर लॅबमधल्या खुर्चीत ते बाही वर करून बसलेत. मी दंडाला रबर बांधते, सुई टोचते. रक्त येत नाही. दुसरीकडे टोचते. तिथूनही नाही.

"मातीला आली नाहीस," काका सुईकडे बघत म्हणतात.

"बंगलोरला कार्यक्रम होता. रद्द करता आला असता. नाही केला."

"कसा झाला?"

"चांगला झाला."

"आईची ओवी म्हटलीस?"

"शेवटी म्हटली. लोक उभे राहिले."

ते मान डोलावतात. खरंच बरं वाटल्यासारखे. मला सुई धरवत नाही.

"तिचं नाव माहितीये तुला?"

अकरा वर्षं मी ती ओवी गातेय. कधी विचारलंच नाही.

"नाही, काका."

आता ते समोरच्या प्लॅटफॉर्मवर उभे आहेत. ते नाव सांगतात, आणि आमच्या मधून मालगाडी धडधडत जायला लागते. दोन डब्यांच्या फटीतून त्यांचे ओठ हलताना दिसतात.

"काय? ऐकू येत नाही! परत सांगा!"

ते परत सांगतात. मी रुळांच्या अगदी जवळ जाऊन ओरडते, नाव सांगा, काका, नाव सांगा. डबे संपत नाहीत. मग फटीतून नुसता पलीकडचा प्लॅटफॉर्म दिसतो.

दार वाजतंय. खिडकीतून ऊन पार कॉटपर्यंत आलंय. मी दार उघडते. संयोजकांपैकी नलिनीताई तांबवे हातात कागद घेऊन उभ्या आहेत.

"बऱ्या आहात ना? खाली काउंटरपर्यंत ओरडणं ऐकू येत होतं."

हो म्हणायला तोंड उघडते. आवाज येत नाही. घसा आतून सोलून निघालाय.

त्या घाबरून पाणी देतात. मला गिळवत नाही. काय करावं न सुचून हातातला कागद पुढे करतात. "गाण्यांची यादी होती. शेवटची ओवी... पारंपरिकच ना?"

मी त्यांच्याकडून पेन घेते. तो शब्द खोडते आणि लिहिते, सायलस उजागरे यांच्या आईची.

त्या वाचतात. "आणि या बाईंचं नाव काय लिहू?"

मी तोंड उघडते. नुसती हवा येते.