भोक न पाडलेली पिंपं

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलं परगावी आहेत. पुंडलिकनगरच्या या घरात सकाळी दूधवाला दोन शब्द बोलतो, त्यानंतर दिवसभर माझा आवाज मलाही ऐकू येत नाही. कामाच्या व्यापात राहून गेलं, ही सबब तेव्हाही खोटी होती. आता तर व्यापही उरला नाही.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शनच्या सुया बनवणाऱ्या एका कारखान्यात मी भांडार सांभाळायचो. सुयांच्या बारीक नळ्यांना लागलेलं तेल एका द्रावणानं धुऊन काढत. ते लोखंडी पिंपांतून यायचं. वास गोडसर, पण जरा वेळ हुंगला की डोकं गरगरायचं. रिकामी पिंपं पुरवठादारानं परत न्यायची, असं आधी ठरलेलं होतं. वाहतुकीचा खर्च आमच्यावर पडत होता, म्हणून ते कलम मीच काढायला लावलं आणि वरिष्ठांची शाबासकी घेतली. मग नियम झाला की पिंपाच्या बुडाला पहारीनं भोक पाडायचं आणि मगच ते भंगारात द्यायचं. त्यात कुणी पाणी भरू नये, एवढ्यासाठीच ते भोक.

पण आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर कधी येईल याचा नेम नसतो. आला की ज्याच्या दारात भांडं मोठं, त्याचं पाणी जास्त. त्यामुळं रिकाम्या पिंपासाठी कामगार यायचे, ओळखीचे यायचे, साहेबांचा ड्रायव्हरसुद्धा यायचा. एखाद्या पिंपाला भोक न पाडता ते बाजूला ठेवणं हा भांडारवाल्याचा मान होता. मीही तो मिरवला.

त्याच काळात विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण पेटलं. पॅकिंग खात्यात एक बौद्ध कामगार होता, करमाडच्या पलीकडच्या एका खेड्यातला. गावानं त्याच्या वस्तीला विहीर बंद केली. एका म्हाताऱ्या मेंढपाळानं तेवढं सांगितलं की माझ्या शेतातल्या विहिरीचं पाणी न्या. गावानं त्याच्याशीही बोलणं टाकलं. पण विहीर लांब होती. बायकांनी किती खेपा घालायच्या? साठवायला काही मिळेल का, असं त्या कामगारानं मला संकोचत विचारलं.

मी चार पिंपं दिली. पैसे घेतले नाहीत. मी देवगाव रंगारीचा. आमच्या घरी त्याच्या समाजाच्या माणसांना पाणी वरून वाढत, हे मी लहानपणी रोज पाहिलेलं. पिंपं बैलगाडीत चढताना वाटलं, आपल्या हातून काहीतरी फिटलं. सोड्यानं धुऊन घे, एवढं म्हणालो आणि आत गेलो.

पुढं तो कामावर येईना. आला तेव्हा चेहरा उतरलेला. वस्तीत उलट्या, चक्कर. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. लोक म्हणत होते, मेंढपाळ शेवटी गावाला सामील झाला, त्यानं विहिरीत काहीतरी कालवलं. ते ऐकताना माझ्या नाकात तो गोडसर वास आला. मी त्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि गावी गेलो.

आधी त्याच्या दारातल्या पिंपात डोकावलो. वास होता. अगदी थोडा, पण मला ओळखू येण्याइतका. तोवर वस्तीतली माणसं विहिरीकडं निघाली होती, म्हणून मीही गेलो. मेंढपाळ काठावर उभा होता. त्यानं पोहरा सोडला, तांब्या भरला आणि सगळ्यांसमोर घटाघटा रिकामा केला.

एक तरुण पोरगा म्हणाला, "बाबा, आज पिलास. तवा पिला व्हतास का?"

म्हातारा माझ्याकडं वळला. "सायब, तुमी शिकलेले. तुमीच सांगा यांना. वास येतो का पान्याला?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी पाणी हुंगलं. ते स्वच्छ होतं. मी म्हणालो, "तपासायला न्यावं लागेल." एका बाटलीत पाणी भरून घेतलं आणि परतताना जालना रोडच्या कडेला ओतून दिलं. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून जास्त, त्या कामगाराच्या नजरेतला माझा चांगुलपणा मला सोडवेना.

चार दिवसांनी कंपनीला हवीत असं सांगून पिंपं परत मागवली, मातीचे रांजण पाठवले आणि पिंपांना स्वतः उभा राहून भोकं पाडून घेतली. तिकडं वस्तीनं मेंढपाळाची विहीर सोडली होती, बायका पार ओढ्याच्या झऱ्यावर जात. आजार थांबला. साहजिकच विहिरीवरचा आळ खरा ठरला. मी केलेल्या दुरुस्तीनं म्हाताऱ्याला कायमचं दोषी केलं. त्या पावसाळ्यात कामगाराची आई गेली. तिला आधीपासून दमा होता, असं मी स्वतःला सांगत आलो. माझ्या निवृत्तीच्या दिवशी हार त्यानंच घातला.

मेंढपाळ मला एकदाच भेटला, करमाडच्या बाजारात. कोकरं विकायला आला होता, एकटाच. त्यानं ओळखलं.

"सायब, ती बाटली नेली व्हती. काय निघालं?"

"काही नाही. पाणी चांगलं होतं."

"ते मला ठावंच हाय," तो म्हणाला. "वस्तीला सांगितलं का?"

बसची वेळ झाली, असं काहीतरी पुटपुटत मी निघालो. बसला अजून बराच अवकाश होता. मी रस्त्यापलीकडच्या बाभळीआड उभा राहून त्याच्याकडं बघत राहिलो. कोकरं विकली जाईपर्यंत तो तिथंच होता.

आता तो नाही. त्याच्या शेतात गोदामं झालीत, विहीर बुजली. रस्ता ओलांडून एवढंच म्हणायचं होतं: बाबा, तुमच्या विहिरीत काही नव्हतं. विष माझ्या पिंपांत होतं, आणि तुम्ही तांब्या तोंडाला लावलात तेव्हा मला ते माहीत होतं. मला माफ करा.