चाचांचा ओटा आणि साताचा पाढा

‘‘बराबर. पुढं चल.’’

एवढं म्हणून चाचा उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळहातावर आपटायचे. टक, टक, टक. समोर बसलेलं पोर त्या ठोक्यावर पाढा म्हणायचं. तीन एके तीन, टक. तीन दुणे सहा, टक. पोर चुकलं की बोटं थांबायची. मान जरा तिरकी करून चाचा म्हणायचे, ‘‘धागा तुटला. जोड.’’ पोर पुन्हा म्हणायचं आणि बोटं पुन्हा सुरू व्हायची. ‘चुकलास’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

भिवंडीत कधी आला असाल तर अशी माणसं तुम्हीही ओट्यांवर बसलेली पाहिली असतील. उभा जन्म लूमपुढे, म्हणजे कापडाच्या यंत्रमागापुढे काढला, आणि लूम भंगारात गेल्यावर नुसतं बसायचं कसं तेच कळेना, अशी. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कारखाना होता. तिथं आता प्लास्टिकच्या खुर्च्या भरून ठेवतात. चाचांनी त्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली, एकट्यानं चार चार लूम सांभाळले. कारखाना बंद झाला तरी ओटा काही सुटला नाही. बायको केव्हाच गेलेली, मुलगी लग्न होऊन जवळच्या कोन गावात दिलेली. मागच्या खोलीत एकटे राहायचे आणि संध्याकाळी ओट्यावर चटई पसरायचे. पोरं यायची.

शाळेत ते फार गेले नव्हते. पाढे शिकले ते कारखान्यात. नवे असताना एका म्हाताऱ्या कारागिरानं त्यांच्या कानात ओरडून ओरडून पाढे घातले, तेही लूमच्या ठोक्यावर. ‘‘दुपारच्या शिफ्टला डोळा लागला तर हात जायाचा, बाय,’’ ते मला सांगायचे. ‘‘तोंडात पाढा असला की झोप येत न्हाय.’’

मला पाढे येत नाहीत. आता सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. मी वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे, माल गाडीत चढण्याआधी खोकी मोजून नोंद करायची हे माझं काम. एकदा मोबाइल चार्जिंगला होता, म्हणजे कॅल्क्युलेटर नाही. एका थरात सात खोकी आणि असे चार थर. मी आपली एकेका खोक्याला बोट लावत मोजत होते, तेवढ्यात सुपरवायझर मागे येऊन उभे राहिले. ‘‘मॅडम, सात चोक?’’ गाडीवरच्या हमालानं वरूनच सांगितलं, ‘‘अठ्ठावीस!’’ आणि सगळे हसले. मीही हसले, पण त्या दिवशी डबा तसाच घरी परत आणला. माझ्या तन्वीवर ही वेळ येऊ द्यायची नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं.

तन्वी माझी एकुलती एक, तेव्हा तिसरीत होती. पहिले आठ दिवस मीच तिला घेऊन बसले. आता माझा स्वभाव सांगते. आमचे हे टेम्पो चालवतात, ते म्हणतात, तुझा आवाज असताना मला हॉर्नची गरज नाही. पोळ्या लाटता लाटता मी विचारायची, ती अडायची, की माझं डोकं सणकायचं. लाटणं हातातच असायचं. मारलं कधी नाही हो, पण पोळपाटावर आपटायची, आणि पोरगी दचकायची. शेवटी सानियाच्या अम्मीनं, म्हणजे आमच्या शेजारणीनं, सुचवलं, ‘‘चाचा के पास भेज ना. मेरी सानिया को सब याद हो गया.’’ मी पाठवलं.

चाचांची एक गंमत होती. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. ‘‘चाचा, पाणी आलं का?’’ ‘‘बराबर.’’ ‘‘चाचा, तुमचं दार उघडं राहिलंय.’’ ‘‘बराबर.’’ आम्ही बायका जिन्यात हसायचो. म्हातारपणी माणूस आपल्याच तंद्रीत असतो असं वाटायचं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना अजून लूम खडखडतात, त्यामुळे सगळेच ओरडून बोलतात आणि निम्मं कुणालाच ऐकू जात नाही. त्यात चाचांचं वेगळं काही वाटलंच नाही. दिवेलागणीला मगरिबची अजान झाली की पोरं त्यांची लुंगी ओढायची, मग ते नमाजाला उठून चटई गुंडाळायचे. मला वाटायचं, काय लाडावलीत कार्टी!

दोन महिने झाले. एका संध्याकाळी तन्वीची शाळेची डायरी हाताला लागली. बाईंनी लाल पेनानं लिहिलं होतं, पाढे पाठ नाहीत, पालकांनी लक्ष द्यावे. मी ड्युटीवरून नुकतीच आलेले, चप्पलसुद्धा काढली नव्हती. तिला समोर उभं केलं. ‘‘साताचा पाढा म्हण.’’

‘‘सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस.’’ मग माझ्याकडे बघितलं. ‘‘सात चोक... सात चोक चोवीस.’’

सात चोक! नेमकं तेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन महिने काय केलंस गं खाली बसून, चाचा काय कान बंद करून बसतात काय! तिचं मनगट धरलं आणि तशीच जिना उतरले.

चाचा माझ्याकडे पाठ करून बसले होते. समोर सात-आठ पोरं. सानिया त्यांच्या उजव्या हाताला, लुंगीचं टोक मुठीत धरून. मी त्यांच्या मागे उभी राहून ओरडले, ‘‘चाचा, काय शिकवता हो तुम्ही? माझ्या पोरीला साताचा पाढा येत नाही!’’

गॅलरीतल्या बायका वाकल्या. पोरं पाढा म्हणायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. चाचांची बोटं मात्र चालूच होती. टक, टक. सानियानं घाबरून लुंगी ओढली. बोटं थांबली. चाचा पोरांकडे बघून शांतपणे म्हणाले, ‘‘धागा तुटला. जोड.’’

मी पुन्हा ओरडले. त्यांनी वळूनही बघितलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आलेलं पोटात ठेवायची अक्कल मला देवानं दिलेली नाही. ‘‘अगं बाई, ह्यांना ऐकूच येत नाही!’’ मी वर गॅलरीकडे बघून म्हणाले. ‘‘पोरं काय बडबडतात ते ह्यांना कळतच नाही! आणि आपण पाठवतोय!’’

पोरांच्या नजरा बघून चाचा वळले. मला बघितलं, माझं हलणारं तोंड बघितलं आणि हसून म्हणाले, ‘‘बराबर.’’ मग वर गॅलरीत बघितलं, बायकांकडे. पुन्हा माझ्याकडे. हळूहळू त्यांचं हसू गेलं. दोन बोटं तळहातावर तशीच टेकलेली राहिली. मी तन्वीला ओढत वर घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर तीन पोरं होती. आठवडाभरात एकही राहिलं नाही. सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या क्लासला नावं घातली, आम्हीही. चाचा रोज चटई पसरायचे. मी ड्युटीवरून येताना दिसायचे, मांडीवर बोटं वाजवत बसलेले. मी मान खाली घालून जिना चढायची. अजान होऊन जायची तरी ते बसलेलेच असायचे, कारण लुंगी ओढायला कुणी नव्हतं. मग कुणीतरी येता-जाता खांद्याला हात लावायचं, तेव्हा लगबगीनं उठायचे.

असे पंधरा दिवस गेले असतील. रविवारची सकाळ. मोरीचं दार लोटलेलं, आत तन्वी आंघोळीला बसलेली, आणि मला बादलीवर टक टक ऐकू आलं. ‘‘सात चोक अठ्ठावीस, सात पाचे पस्तीस, सात सक बेचाळीस...’’ सत्तरपर्यंत गाडी कुठं अडली नाही. मी दारातच उभी राहिले. बाहेर आल्यावर विचारलं, ‘‘तुला साताचा येतो?’’

‘‘हो. केव्हाचा.’’

‘‘मग त्या दिवशी काय झालं होतं?’’

ती टॉवेलनं केस पुसत राहिली. ‘‘तू विचारलंस की येत नाही. शाळेत बाई ओरडतात, तेव्हापण येत नाही. चाचांसमोर येतो.’’

‘‘त्यांना तर ऐकूच येत नाही.’’

‘‘आम्हाला माहीत होतं ना!’’ ती म्हणाली, जणू सगळ्या जगाला ठाऊक असलेलीच गोष्ट. मग एकेक सांगत गेली. चाचांना तोंडाकडे बघून थोडं कळायचं, सगळं नाही. म्हणून एकानं लुंगी धरून बसायचं. कुणी चुकलं की ओढायची, की चाचा थांबणार. लुंगी धरायच्या पाळ्या लावलेल्या. खोटी ओढली तर दुसऱ्या दिवशी पाळी नाही. ‘‘ज्याची पाळी त्याला सगळ्यांत नीट ऐकावं लागतं, आई. मला तर लुंगी धरूनच पाठ झाला.’’ आणि चाचांनीच बजावलं होतं, घरी सांगू नका, मग तुम्हाला पाठवनार न्हाईत, मी काय करू मंग बसून?

पोरांनी एका म्हाताऱ्या माणसाची लाज दोन महिने सांभाळली होती, आणि मी ती एका संध्याकाळी गल्लीभर केली. खाली जाऊन माफी मागावी असं त्याच क्षणी वाटलं. गेले नाही. उद्या जाऊ, शिरा करून जाऊ, आमचे हे घरी असताना जाऊ. मी भांडायला अनवाणी धावणारी बाई, चूक कबूल करायची म्हटली की मला मुहूर्त लागतो. शेवटी शिरा केला आणि डबा घेऊन उतरले, तर खोलीला कुलूप. सानियाच्या अम्मीनं सांगितलं, ‘‘बेटी आके ले गई, कोन. बहुत खांसी थी.’’

कोन काय लांब आहे? कल्याणच्या रस्त्याला रिक्षात बसायचं की झालं. तरी आणखी दोन रविवार मी घालवले. तिसऱ्या रविवारी तन्वीच चपला घालून दारात उभी राहिली.

चाचा खाटेवर होते, भिंतीला उशी लावून. फार वाळले होते. तन्वीला बघून त्यांचा चेहरा एकदम खुलला. मी समोर बसले, त्यांना तोंड दिसेल अशी, आणि सावकाश म्हणाले, ‘‘चाचा, चुकलं माझं.’’ त्यांनी माझ्या ओठांकडे लक्ष देऊन बघितलं. मी पुन्हा म्हणाले. ते म्हणाले, ‘‘बराबर.’’ त्यांना कळलं होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, ‘‘पोरं बसतात काय ओट्यावर?’’

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण मी मान हलवून नाही म्हटलं.

‘‘मंग पाढे कोन ऐकतं त्यांचं?’’

त्यांनी हे रागानं विचारलं नव्हतं हो. खरोखर काळजीनं विचारलं होतं. तेवढ्यात तन्वीनं माझा पदर ओढला आणि कानात म्हणाली, ‘‘आई, तू बाहेर थांब ना.’’

मी बाहेर आले. दारापलीकडून तिचा आवाज येत होता, मोठा, मोकळा, घरी कधी ऐकला नव्हता तसा. सात एके सातपासून सात दाहे सत्तरपर्यंत. चुकलीच तर लुंगी कोण ओढणार, असं माझ्या मनात आलं. फटीतून पाहिलं, तर लुंगीचं टोक तिनं स्वतःच मुठीत धरलं होतं. चाचांची बोटं चादरीवर चालली होती, अगदी हळू. ‘‘बराबर,’’ ते म्हणाले. ‘‘आता आठाचा शिकू.’’

आठाचा काही झाला नाही. दहा-बारा दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. आम्ही दोघी जाऊन आलो. परतताना रिक्षात मला रडू आलं ते मी आवरलं नाही.

आता ओट्यावर खुर्च्यांच्या चळती असतात. तन्वी चौथीत गेली. पाढे अजून माझ्यासमोर म्हणत नाही. मी मागतही नाही. परवा सकाळी मोरीत पुन्हा बादली वाजायला लागली, तेव्हा मी पोळ्या टाकून दारापाशी जाऊन उभी राहिले. आठाचा चालला होता, तिचा तिनं शिकत आणलेला. ‘‘आठ पाचे चाळीस. आठ सक...’’ तिथं टकटक थांबली. ‘‘आठ सक...’’

पुढचं मलाही येत नव्हतं. नेहमीची मी असते तर दार वाजवलं असतं. तोंडाशी आलेलं सगळं गिळलं आणि दाराला तोंड लावून, जमेल तेवढ्या हळू म्हणाले, ‘‘धागा तुटला. जोड.’’

वाटलं, आता नळ सोडेल आणि गप्प बसेल. मग दोन बोटं बादलीवर वाजली, पहिल्यापासून. आठ एके आठ. आठ दुणे सोळा. पोळी तव्यावर करपत होती, वास येत होता. मी जागची हलले नाही.