बांधीतला चिनी ट्रॅक्टर

बाबांनी घेतलेला स्वस्त चिनी ट्रॅक्टर हलका होता आणि आमच्या धानाच्या चिंचोळ्या बांधीतही, म्हणजे बांध घातलेल्या छोट्या तुकड्यातही, वळायचा, एवढं मान्य करते. पण ऐन चिखलणीत तो बंद पडला आणि त्याचं काळं तेल पाण्यावर पसरलं. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, रोवणीला आले होते, थांबता येत नव्हतं. काकांनी ट्रॅक्टरचं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे धरलं. त्यातल्या वाक्यांना शेंडाबुडखा नव्हता.

“इंग्रजी शाळेत शिकली ना तू? मंग काऊन वाचता येत नाई तुले?”

मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. शेवटी शेजाऱ्यांच्या रेड्यांनी ट्रॅक्टर बाहेर ओढला आणि आम्ही त्याच तेलकट चिखलात रोवणी केली. नखांतला तो किळसवाणा वास जेवतानाही गेला नाही. बाबा मात्र पाहुण्यांना सांगत होते, “लय हलका हाय, भाऊ. दोन रेड्यांनी बाहेर निघते!”