माझ्या गाडीची सीट

बर्मिंगहॅमच्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलं नाही. माझ्या जुन्या, दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन मसल कारचं जड स्टिअरिंग दुखऱ्या खांद्याला झेपेना. पॉवर स्टिअरिंग बसवायचं, नाहीतर गाडी विकायची, एवढंच उरलं होतं. प्रश्न मी विचारायचे. तो फडक्याला हात पुसत उत्तर माझ्या नवऱ्याला द्यायचा.

“मिसेसना छोटी गाडी घेऊन द्या की.”

“गाडी तिचीच आहे. मला चालवता येत नाही,” नवरा म्हणाला. मेकॅनिकला ती थट्टा वाटली.

काम त्याने चोख केलं, पण किल्ली नवऱ्याला दिली. ती घेऊन मी आत बसले, नवरा शेजारी बसला; पण माझे पाय पेडलला पोचेनात. सीट त्याने नवऱ्याच्या उंचीला लावून ठेवली होती. ती मी त्याच्यादेखत खाडकन पुढे ओढली आणि एका हाताने गाडी वळवली.

तो नवऱ्याच्या खिडकीशी वाकला. “त्यांना सावकाश चालवायला सांगा, साहेब.”