येताना उतार

आमच्या बन्सीमामानं एकतीस वर्षं यष्टी हाकली. संभाजीनगर ते चाळीसगाव, कन्नडचा घाट उतरून. रिटायर होऊन वाळूजला घर बांधलं, पण जीव आजून टायमातच. लग्नाची पत्रिका आली की आधी मुहूर्त बघतो, नवरीचं नाव मंग.

त्याची लेक अपेक्षा नर्स. तिला लंडनच्या दवाखान्यात नोकरी लागली, आन् दगडाबाईमामी आडवी आली. "एवढ्या लांब नाय धाडायची." मामीचं लांब किलोमीटरात नसतं, दशम्यांत असतं. अडीच तासाच्या वाटंला दुधात मळलेली एक दशमी. दोन दशम्यांच्या पुढं तिनं पोरगी कधी धाडली नव्हती.

मामानं तिकीट डोळ्याजवळ धरलं. "आगं, दुपारी एकला मुंबई सोडतंय, संध्याकाळी सहाला लंडन. पाचच तास! पुण्याची यष्टी याच्याहून जास्त घेती."

"आन् अंतर?" मामीनं इचारलं.

"सात हजार दोनशे किलोमीटर." बोलताबोलता मामा थबकला. ताशी चौदाशे चाळीस? मंग स्वतःलाच म्हन्ला, "इमान हाये ते. त्याला कुठं गतिरोधक!"

दोनच दशम्या. मामी व्हय म्हन्ली, पण परतीचं तिकीट आत्ताच काढायच्या बोलीवर.

मुंबईला निघायच्या सकाळी मामी तव्यापाशी होती. "ते परतीचं वाचा एकडाव."

"रात्री नऊला सुटतंय, दुसऱ्या दिशी साडेअकराला मुंबई." मामानं बोटं मोजली. "साडेचौदा तास."

मामीचं उलथणं हातातच राहिलं. "जाताना पाच आन् येताना साडेचौदा? कामून?"

"घाट असतो गं. चाळीसगावला उतरताना गाडी कशी पळायची, येताना पयल्या गेरात कण्हायची. तसंच. लंडन उताराला असंल."

बॅग भरता भरता अपेक्षा हसून खालीच बसली. "बाबा, तिथलं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं असतं. तिकिटावर ज्या गावची वेळ, त्या गावच्या घड्याळाची. खरे तास मोजले तर जाताना साडेदहा, येताना नऊ."

मामाचं तोंड बारीक झालं. त्याच्याच शब्दावर मामी राजी झाल्ती. तिच्याकडं न बघता म्हन्ला, "चुकलं माझं. तू नाय म्हन्लीस तर आजून थांबवता येतं."

अपेक्षानं अर्धी लावलेली बॅगेची चेन परत उघडली.

"एकतीस वर्षं गाडी हाकली," मामी म्हन्ली, "पर घड्याळ एकाच गावचं बघितलं तुम्ही." मंग लेकीकडं वळली. "येताना नऊच ना गं?"

"व्हय आई."

"म्हंजी माह्यराकडं यायला उतार हाये." मामीनं तव्यावरची दशमी उलटली. "बघत काय बसला? पिठाचा डबा द्या हिकडं. दोन दशम्यांत पोर उपाशी उतरंल तिथं."